हजेरी घेणारं कुणीतरी

पेन्शनवर गेलेले जवान भेटले की मी त्यांना एक प्रश्न हमखास विचारतो : "फौजेतलं सगळ्यात जास्त काय आठवतं?" बडा खाना, युनिटचा स्थापना दिवस, कँटीन, जुने कंपनी कमांडर, अशी उत्तरं येतात. पण जरा वेळ बसलं, दुसरा चहा झाला, की बहुतेक जण फिरून एकाच गोष्टीवर येतात. सकाळची पीटी. गंमत अशी की हीच माणसं वीस वर्षं पीटीच्या नावानं बोटं मोडत होती. कडाक्याच्या थंडीत अंधारात उठायचं, बूट चढवायचे, उस्तादाच्या शिट्टीवर धावायचं. आता उठवणारं कुणी नाही. तरी पाचला डोळा उघडतो, आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही.

सातारा भागातले एक निवृत्त सुभेदार साहेब मला म्हणाले होते, "सर, धावायला मी आजही जातो. गुडघे बरे आहेत. पण एकटाच धावतो. एखाद्या दिवशी नाही गेलो, तर कुणाला कळतसुद्धा नाही."

आजचा लेख त्यांच्या या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

व्यायामाच्या जागेबद्दल बोलताना आपण यंत्रं कोणती, एसी आहे का, फी किती, ट्रेनर कसा, एवढंच बोलतो. माणसांबद्दल कुणी विचारत नाही. माझं मत असं, की जिम असो, तालीम असो, की गावाबाहेरचं मोकळं मैदान, ती जागा माणसं जोडते की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं : तिथं तुमची हजेरी कुणी घेतं का? तुम्ही दोन दिवस आला नाहीत, तर तिसऱ्या दिवशी कुणी विचारतं का? विचारत असेल, तर पत्र्याच्या शेडमधल्या दोन गंजक्या डंबेल्ससुद्धा पुरतात. विचारत नसेल, तर लाखांची यंत्रं लावून काही होत नाही.

युनिटमध्ये ही हजेरी कशी चालते, ते नागरी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ठरलेल्या वेळी सगळे मैदानावर फॉलिन होतात. गिनती होते. इतके हजर, इतके गार्डवर, इतके सुट्टीवर, इतके सिक रिपोर्ट. आकडा जुळला नाही, तर पुढचं काही सुरू होत नाही. मग पीटीचा उस्ताद ताबा घेतो. वर्षभर डोक्यावर दोन परीक्षांची टांगती तलवार असायची. एक पीपीटी आणि दुसरी बीपीईटी. बीपीईटीत पाठीवर वजन, हातात रायफल घेऊन ५ किलोमीटरची धाव, ६० मीटरची दौड, उभा दोर, आडवा दोर आणि ९ फुटी खंदक. संध्याकाळी गेम्स परेड. व्हॉलीबॉलच्या जाळ्याच्या एका बाजूला कंपनी कमांडर, दुसऱ्या बाजूला दोन वर्षं नोकरी झालेला शिपाई. तो शिपाई कमांडरच्या तोंडावर स्मॅश मारतो आणि सगळी कंपनी टाळ्या वाजवते. ऑफिसात उभं राहून जे बोलता येत नाही, ते अशा संध्याकाळी घाम पुसताना बोललं जातं. कुणाचं लग्न ठरलंय, कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाचा धाकटा भाऊ भरतीत नापास झाला, हे मला फाइलमधून कधीच कळलं नाही.

या सगळ्यात उस्ताद हा माणूस फार महत्त्वाचा. काही वर्षांपूर्वी उत्तरेतल्या एका ठाण्यावर आमचा उस्ताद गेम्सनंतर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, वो लड़का तीन दिन से रस्सा नहीं चढ़ रहा." तो मुलगा एरवी दोरावर सगळ्यात आधी जायचा. तब्येत ठीक होती, सिक रिपोर्ट नव्हता, ड्यूटीत कसूर नव्हती. तो फक्त खाली बसून बाकीच्यांच्या टोप्या आणि घड्याळं सांभाळत होता. त्याला बोलावून घेतलं, आधी इकडचं तिकडचं बोललो. मग हळूहळू बाहेर आलं. घरी जमिनीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी कोर्टकचेरी, म्हाताऱ्या वडिलांना घराबाहेर काढण्याची भाषा, आणि हा दीड हजार किलोमीटरवर. दोन आठवडे त्याला धड झोप नव्हती. सुट्टी दिली, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना युनिटकडून पत्र गेलं, प्रकरण थोडं निवळलं. परत आला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तो दोरावर होता.

हा प्रसंग मोठा नाही. प्रत्येक कंपनी कमांडरकडे असे चार-पाच असतील. तो सांगण्याचं कारण एवढंच, की हे कोणत्याही वैद्यकीय तपासणीत पकडलं गेलं नसतं. ते पकडलं उस्तादानं, कारण तो मुलगा रोज कसा चढतो हे त्यानं पाहिलेलं होतं. शरीर रोज कुणाच्या तरी नजरेखालून जात असेल, तर मनातलंही थोडंफार दिसतं.

एकत्र घाम गाळल्यानं माणसं का जवळ येतात, यावर पंडितांनीही विचार केला आहे. विल्यम मॅकनील हे अमेरिकेतले नामवंत इतिहासकार. १९४१ साली ते सैन्यात भरती झाले आणि टेक्सासमधल्या धुळीत त्यांना तासन् तास कवायत करावी लागली. त्या निरर्थक वाटणाऱ्या कवायतीत एक विचित्र समाधान होतं, आपण आपल्यापेक्षा मोठ्या कशाचा तरी भाग झालो आहोत असं वाटायचं, हे ते विसरले नाहीत. १९९५ साली त्यांनी मानवी इतिहासातलं नृत्य आणि कवायत या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तिथल्या नौकावल्हव संघावर एक छोटा प्रयोग केला होता. तीच मुलं, तेवढेच श्रम. एकदा एकट्यानं वल्हवायचं, एकदा एका लयीत एकत्र. एकत्र वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद जास्त वाढलेली आढळली. खडकवासल्याला प्रबोधिनीत आम्ही तीन वर्षं हेच केलं, फक्त त्यामागचं शास्त्र आम्हाला ठाऊक नव्हतं. एनडीएच्या क्रॉस-कंट्रीत शेवटच्या दोन किलोमीटरला पाय उचलत नसतात. तेव्हा मागून स्क्वाड्रनचा कोर्समेट शिव्या घालत ढकलतो, आणि पाय उचलतात. आमचा कोर्स आज देशभर विखुरला आहे, काही जण आता नाहीत. पण रात्री दोनला फोन केला तर उचलणारे जे दहा जण मला आहेत, ते सगळे त्या धावण्यातले आहेत.

आता यंत्रांचा प्रश्न. १४ हजार फुटांवरच्या एका चौकीत आमची 'जिम' होती. फायबरच्या हटच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला. तेलाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून मध्ये पाइप घातलेला, हे आमचं बारबेल. वाळूच्या पोत्यांचं बाकडं. दोन बल्ल्यांवर आडवा पाइप बांधून चिन-अपची सोय. त्या उंचीवर दमसास राखून, बेतानंच व्यायाम करावा लागतो, म्हणून नियम असा की एकट्यानं कुणी करायचा नाही, समोर जोडीदार हवा. तो मोठ्यानं मोजणार. आमच्यात एक तमिळ मुलगा होता, त्याला मोजायचं ते तमिळमध्येच. ओण्णु, रेंडु, मूणु. पंजाबी मुलगा पंजाबीत मोजायचा, सांगलीकडचा मराठीत. तो हिवाळा संपता संपता त्या चौकीतल्या सगळ्यांना तीन भाषांत विसापर्यंत आकडे येत होते. मोजणारा जोडीदार आणि मोजून घेणारा गडी, एवढं असलं की जिम झाली.

सध्या मी राजधानीत स्टाफच्या नेमणुकीवर आहे. सरकारी घर मिळेपर्यंत दिल्लीजवळच्या एका उंच इमारतींच्या वस्तीत राहतो आणि तिथल्याच एका जिममध्ये जातो. जिम उत्तम आहे. स्वच्छ आहे, यंत्रं नवी आहेत, आरसे मोठे आहेत. दारात बोट टेकवलं की यंत्र टुक् वाजतं आणि दार उघडतं. ती माझी हजेरी. आत चाळीस माणसं असतात आणि बहुतेकांच्या कानात इअरफोन. माझ्या शेजारच्या ट्रेडमिलवर एक गृहस्थ गेले सात महिने धावतात. आम्ही एकमेकांना मान हलवतो. ते मधे पंधरा दिवस आले नाहीत, मग पुन्हा दिसले, चेहरा उतरलेला, डोक्याचे केस काढलेले. घरात कुणीतरी गेलं होतं हे उघड होतं. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. शेवटी मीच जाऊन बोललो. आई गेली होती. पाच मिनिटं ते बोलत राहिले आणि शेवटी म्हणाले, "इथं कुणी विचारलं नव्हतं."

ही माणसं वाईट नाहीत. त्या जागेची घडणच तशी आहे. त्यामागे गणितही आहे. अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली जिमच्या सदस्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचं नावच मुळी 'जिमला न जाण्यासाठी पैसे भरणं' अशा अर्थाचं आहे. दरवेळी १० डॉलर देऊन जाण्याची सोय असताना लोक महिन्याची वर्गणी भरत आणि इतके कमी वेळा जात, की प्रत्येक खेप त्यांना १७ डॉलरहून महाग पडे. आपल्याकडेही जानेवारीत वर्षाची फी भरणारे आणि मार्चमध्ये दिसेनासे होणारे आपण सगळे ओळखतो. जितके सदस्य नोंदले तितके सगळे रोज आले, तर त्या जागेत उभं राहायला जागा मिळणार नाही. म्हणजे हा धंदा काही अंशी तुमच्या गैरहजेरीवर चालतो. मग तुम्ही का आला नाहीत, हे विचारण्याची घाई कुणाला असणार?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. याच जिममध्ये येणाऱ्या दोन-तीन महिलांनी माझ्या पत्नीला सांगितलं, की दिवसभरातला हा एकच तास त्यांचा स्वतःचा आहे, आणि इथं कुणी ओळखत नाही, काही विचारत नाही, हेच त्यांना बरं वाटतं. ज्यांच्याकडे घरात, गल्लीत, ऑफिसात चोवीस तास कुणीतरी बघत असतं, त्यांना अनोळखी जागा ही सुटका वाटणार. ते मला मान्य आहे. पण रोज एकाच वेळी येणारी माणसं वर्षानंतरही अनोळखीच राहावीत, ही कुणाचीच गरज नसते.

२०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा हे सगळ्यांनाच थोडं कळलं होतं. मार्चमध्ये जिम बंद झाल्या, महाराष्ट्रात त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. मधल्या सात महिन्यांत ज्यांना परवडलं त्यांनी घरी डंबेल्स आणले, मोबाइलवर पाहून बैठका मारल्या. त्यातल्या किती जणांच्या घरात ते डंबेल्स आज दाराला टेकण म्हणून लावलेले आहेत, हे आपापल्या घरात पाहा. वजन घरी आणता येतं, मोजणारा जोडीदार आणता येत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. तालीम. फौजेत ज्याला उस्ताद म्हणतात, त्यालाच कोल्हापुरात वस्ताद म्हणतात. शब्द एकच, कामही एकच. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मला महत्त्वाची वाटते ती तालमीची रोजची रीत. पहाटे पोरांनी मिळून हौद्यातली लाल माती उकरायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू पडणार, ती सारखी करायची आणि मगच जोर-बैठका. थोरल्या पैलवानानं धाकट्याला डाव दाखवायचा, धाकट्यानं थोरल्याचं अंग रगडायचं. जोड असल्याशिवाय कुस्ती शिकताच येत नाही. म्हणजे इथं दुसरा माणूस ही गरज आहे. आणि पोरगं दोन दिवस आलं नाही, तर वस्ताद त्याच्या घरी निरोप पाठवणार.

अशी जागा मग व्यायामापुरती राहत नाही. कोल्हापूरच्या फुटबॉलचंच बघा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. पेठेतल्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि आज सगळं शहर त्यांच्या सामन्यांना लोटतं. पुण्यातल्या मानाच्या तिसऱ्या गणपतीचं नाव गुरुजी तालीम आहे, आणि त्या मंडळाच्या स्थापनेत हिंदू आणि मुसलमान पैलवान मंडळी बरोबरीनं होती, हे पुणेकर अभिमानानं सांगतात. २०१९ च्या महापुरात कोल्हापुरात कंबरभर पाण्यात उतरून लोकांना बाहेर काढणारी पोरं पाहिली, त्यात तालमी आणि मंडळांची पोरं होती. संकटात धावून यायला आधी एकमेकांची नावं ठाऊक असावी लागतात.

तालमीचे दोष मला माहीत आहेत. जुन्या तालमीत मुलींना पाऊल ठेवता येत नव्हतं. कुठे जातीच्या भिंती होत्या, कुठे दादागिरी शिरली, कुठे निवडणुकीच्या आधी तालमीचा अड्डा झाला आणि मतांचे गठ्ठे तिथं बांधले गेले. म्हणून जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. पण यातले दोष निघू शकतात, हेही आपण पाहतो आहोत. २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. एनडीएमध्ये २०२२ साली पहिल्या मुली दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी, १७ जणी, मुलांच्या खांद्याला खांदा लावून बाहेर पडली. आमच्या काळात जी गोष्ट कुणी बोलून दाखवली नसती, ती आता रोजच्या फॉलिनचा भाग आहे. दार उघडता येतं, आतली रीत टिकवता येते.

बदल्यांच्या निमित्तानं इतर प्रांतांतही हेच पाहिलं. हरियाणातल्या गावात आखाडा ही आजही पत्ता विचारण्याची जागा आहे. मणिपूरमध्ये प्रत्येक लैकाईत, म्हणजे आपल्या भाषेत पेठेत, स्वतःचा क्लब असतो. तिथं संध्याकाळी फुटबॉल आणि बॉक्सिंग चालतं, आणि कुणाच्या घरी मयत झाली तर त्याच क्लबची पोरं खांदा द्यायला जातात. केरळात मलबारकडे सकाळी मोकळ्या मैदानावर वीस-एकवीस मिनिटांचा सामुदायिक व्यायाम करण्याची एक चळवळ पसरली आहे. फी नाही, यंत्र नाही. आजोबा, रिक्षावाले, दुकानदार ओळीत उभे राहतात. ती सुरू करणारा गृहस्थ आपल्यासारखाच वर्दीतून निवृत्त झालेला आहे, हे कळलं तेव्हा मला जराही आश्चर्य वाटलं नाही.

आणि आपल्या शहरांतल्या बागांमध्ये मात्र आमदार-नगरसेवक निधीतून बसवलेल्या 'ओपन जिम' पाहा. निळी-पिवळी यंत्रं, त्यावर नावाची पाटी. वर्षभरात बेअरिंग जातं, दुसऱ्या वर्षी मुलं त्यावर झोके घेतात, तिसऱ्या वर्षी गंज. यंत्रं बसवायला निधी मिळतो. उस्तादाला मात्र कुठल्याच निधीत जागा नसते.

हा नुसता आठवणींचा विषय असता तर मी एवढं लिहिलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं एकटेपणाचा प्रश्न आता आरोग्याचा प्रश्न म्हणून हाती घेतला आहे. त्यांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांत एक जण एकटेपणानं ग्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या घरात मृत्यू होतात. माझ्या माजी सैनिक वाचकांसाठी यात वेगळी धोक्याची घंटा आहे. आपला जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. अंगात रग असते, पेन्शन असते, पण गाव वीस वर्षं पुढे गेलेलं असतं. बरोबरीचे मित्र आपापल्या संसारात. सुरुवातीचे सहा महिने हारतुरे आणि पाहुणचार. मग सकाळ रिकामी, मग संध्याकाळ रिकामी, आणि कँटीनची बाटली घरात असतेच. पुढचं मला सांगायला नको, तुम्ही प्रत्येकानं असा एक तरी चांगला गडी जाताना पाहिला असेल.

आता तर आणखी तरुण मुलं परत येणार आहेत. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतले पहिले अग्निवीर चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडतील तेव्हा त्यांचं वय बाविशी-पंचविशीचं असेल. त्यांच्यातले चौथा हिस्सापर्यंत कायम होतील, बाकीचे गावी येतील. योजनेबद्दल मत मांडण्याची ही जागा नाही आणि तो माझा अधिकारही नाही. पण चार वर्षं रोज पहाटे ज्यांची गिनती झाली, त्या मुलांची गावात आल्यावर हजेरी कोण घेणार, हा प्रश्न सरकारचा कमी आणि आपला जास्त आहे.

म्हणून माजी सैनिकांना माझी विनंती आहे. गावात एक पीटी सुरू करा. भरतीची पैसे घेऊन चालणारी अकॅडमी नको, त्या पुष्कळ झाल्या. तिथं भरती झाली की मुलगा गेला, नाही झाली तरी गेला. सगळ्यांसाठी, रोज, फुकट किंवा नाममात्र वर्गणीत चालणारी जागा हवी. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान पहाटे रिकामंच असतं. साताऱ्याच्या अपशिंगेसारखी गावं आपल्याकडे आहेत, ज्या एका गावानं पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि आजही जिथं घरटी फौजी सापडतो. अशा गावाला उस्ताद बाहेरून आणावा लागत नाही.

नियम मी सुचवतो, तुम्ही तुमच्या गावाप्रमाणे बदला. वेळ एकच आणि ती पाऊस असो, लग्नसराई असो, बदलायची नाही. एक वही ठेवायची, रोज नावं लिहायची. तीन दिवस कुणी आलं नाही, तर चौथ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जायचं, आणि व्यायामाचा विषय न काढता चहा घेऊन यायचं. जोड्या लावायच्या, त्यात म्हातारा आणि तरुण, फौजी आणि शेतकरी असे मुद्दाम मिसळायचे. मोबाइल पिशवीत जमा. मुलींची आणि बायकांची वेळ पहिल्या दिवसापासून, आणि त्यांची उस्ताद त्यांच्यातलीच. पावडरचे डबे आणि इंजेक्शनं विकणाऱ्याला दारात उभं करायचं नाही. कुठल्याही पक्षाचा फलक लावायचा नाही. आणि व्यायाम झाल्यावर दहा मिनिटं बसायचं. ही दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची आहेत, ती घाईत कापू नका.

शहरातल्या वाचकांनीही हात झटकू नयेत. तुमची जिम बदलणार नाही, पण तुमच्या वेळेला येणारी सात-आठ माणसं तीच असतात. एक इअरफोन काढून शेजारच्याला नाव विचारायला पैसे पडत नाहीत. बेंच प्रेसला मागे उभं राहायला कुणाला तरी हाक मारा. आमच्याच जिममध्ये चार निवृत्त गृहस्थ आहेत. ते जेमतेम अर्धा तास सायकल फिरवतात आणि नंतर पाऊण तास कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतात. ट्रेनर त्यांना हसतो. माझ्या मते त्या जिमची फी सगळ्यात जास्त त्यांनी वसूल केली आहे.

अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला, त्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. पुण्यात शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं, ते आजही चालू आहे. यांची सुरुवात यंत्रांनी झाली नव्हती. काही माणसं रोज ठरलेल्या वेळी एका जागी आली, आणि येत राहिली.

तुमच्या गावात असं काही सुरू असेल, तर मला जरूर कळवा. सुट्टीवर आलो की एक दिवस तुमच्या फॉलिनमध्ये उभा राहीन, शेवटच्या ओळीत. आणि सुरू नसेल, तर उद्या पहाटे साडेपाचला दोन माणसांना हाक मारा. तिघांची गिनती होते.

जय हिंद!